समुद्राचा तुकडा घरी आणण्याआधी

दोस्तांनो, 'फाइंडिंग निमो' हा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २००३ साली तो आला आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो छोटासा विदूषक मासा जगभरच्या मुलांचा लाडका झाला. मग काय, घरोघरी हट्ट सुरू! "आई, आपण निमो आणू या ना! एक छोटीशी टाकी, त्यात खारं पाणी आणि दोन निमो. बास! मी सांभाळीन, शप्पथ!"

आता गप्पी किंवा गोल्डफिश पाळणं आणि निमो पाळणं यांत खूप फरक आहे बरं का! खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे समुद्राचा एक तुकडाच घरात आणून ठेवायचा. तो जिवंत ठेवायचा तर समुद्र काय काय कामं करतो ते आधी नीट बघायला हवं. म्हणून आज आपण माशांच्या दुकानात जाणार नाही. आपण जाणार आहोत मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडला, ओहोटीच्या वेळी, खडकांवर. निसर्गानं तिथे शेकडो छोटी मत्स्यालयं मांडून ठेवली आहेत. त्यांना काच नाही, पंप नाही आणि तिकीटही नाही. मुंबईला येणं जमत नसेल तर कोकणातला कुठलाही खडकाळ किनारा चालेल.

आधी पंचांग काढा

समुद्रावर जायचं म्हणजे उठलो आणि निघालो असं चालत नाही. भरतीच्या वेळी गेलात तर खडक दिसणारच नाहीत. मग ओहोटी केव्हा, हे कसं कळणार? भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. आपल्या किनाऱ्यावर पूर्वीपासून एक सोपा हिशेब चालत आला आहे. तिथीची पाऊणपट करा, की भरतीची वेळ आली! म्हणजे द्वितीया असेल तर २ ची पाऊणपट दीड. दीडच्या सुमाराला भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे साडेसातच्या सुमाराला ओहोटी. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, म्हणून हीच वेळ सकाळी आणि संध्याकाळीही. चतुर्थी असेल तर? चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीनला भरती, नऊला ओहोटी. जमलं ना? अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा वर्तमानपत्रात बघून घ्या.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच खालीही उतरतं. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. चार मीटर म्हणजे एका मजल्यापेक्षा जास्त! अष्टमीच्या सुमाराला मात्र भांग असतो, पाणी फारसं हलत नाही. तेव्हा द्वितीया किंवा तृतीयेची सकाळ आपल्याला उत्तम. पावसाळ्यात मात्र खडकांवर अजिबात जायचं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले.

बरोबर मोठं माणूस हवंच. पायात घट्ट बसणारे, न घसरणारे बूट हवेत. ओहोटीच्या तासभर आधी खडकांवर उतरायचं आणि पाणी परत फिरलं की आपणही परत फिरायचं.

काळ्या दगडांवरून खाली

कार्टर रोडच्या फिरायच्या रस्त्यावर सकाळी खूप गर्दी असते. कुणी धावतंय, कुणी कुत्र्याला फिरवतंय. उत्तरेकडे खारदांड्याचा कोळीवाडा. मधूनमधून तिवरांची झाडं. या गर्दीतल्या फारच थोड्या माणसांना ठाऊक असतं, की कठड्यापलीकडे काही पावलांवर एक वेगळंच गाव वसलं आहे.

हे काळे दगड म्हणजे ज्वालामुखीतून आलेल्या लाव्हाचे. सहा कोटी वर्षांहून जुने! आपली सह्याद्रीही अशाच लाव्हाची. या दगडांना भेगा आहेत, खळगे आहेत. पाणी उतरलं तरी खळग्यांत ते साचून राहतं आणि आपली मत्स्यालयं तयार होतात.

पाण्याच्या दिशेनं हळूहळू चालू लागा. अगदी वरच्या दगडांवर वाटाण्याएवढ्या गोगलगायी चिकटलेल्या दिसतील. भरतीचं पाणी त्यांच्यापर्यंत थोडाच वेळ पोचतं. बाकीचा वेळ ऊन! मग त्या वाळून कशा जात नाहीत? त्यांच्या शंखाला एक झाकण असतं. थोडंसं पाणी आत घेऊन त्या दार लावून बसतात. त्यांच्या खाली बार्नेकल. छोट्या ज्वालामुखीच्या डोंगरासारखे पांढुरके टेपाड दिसतात ना, तेच. हे खेकड्याचे भाऊबंद, पण आयुष्यभर दगडाला चिकटून राहतात. पाणी आलं की पिसांसारखे पाय बाहेर काढून खाणं गाळून घेतात. आणखी खाली कालवं. कोळणी ओहोटीला येऊन ही फोडून आतलं मांस काढतात. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हात टेकवू नका.

लक्षात आलं का? वरपासून खालपर्यंत जणू चाळीचे मजले आहेत आणि प्रत्येक मजल्याचे रहिवासी ठरलेले. कुणी किती वेळ पाण्याबाहेर राहू शकतो, किती ऊन सोसतो, यावर ज्याचं त्याचं घर ठरतं. मासे पाळायचे असतील तर हा पहिला धडा. आपल्याला जो प्राणी आवडला तो कुठे राहतो आणि त्याला काय सोसतं, हे आधी विचारायचं. मग टाकीचं बघायचं.

एका डबक्यापाशी बसू या

आता पाण्याच्या जवळचं एखादं परातीएवढं डबकं निवडा आणि शेजारी बसा. हलायचं नाही, सावली पाण्यावर पाडायची नाही. दोन मिनिटं काहीच दिसणार नाही. मग एक शंख चालू लागेल! नीट बघा, शंखाखाली पाय आहेत. हा खेकडा. त्याचं मागचं अंग मऊ असतं, म्हणून तो मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख घर म्हणून वापरतो. अंग वाढलं की घर बदलतो. म्हणून तर किनाऱ्यावरचे रिकामे शंख गोळा करून नेले, की याला घर मिळत नाही.

तळाशी दगडाच्याच रंगाचा बोटभर मासा सुळकन सरकेल. एका कडेला समुद्रफूल दिसेल. नाव फूल असलं तरी तो प्राणी आहे. पाण्यात असताना त्याच्या पाकळ्या पसरलेल्या असतात आणि पाणी गेलं की तो आक्रसून जेलीच्या गोळ्यासारखा होतो. एखाद्या दगडावर बटणं ओळीनं शिवल्यासारखा हिरवट-तपकिरी गालिचा दिसेल. हेही समुद्रफुलांचे नातेवाईक. यांतल्या काहींच्या अंगात जहाल विष असतं, तेव्हा हात लावायचा नाही. सुळक्यासारख्या, टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या जिवंत शंखांनाही नाही. त्यांतले काही विषारी काटा मारतात.

आता या डबक्याच्या पाण्याचा विचार करा. ऊन वाढलं की हे पाणी तापतं. वाफ होऊन थोडं उडून जातं. मीठ मात्र उडून जात नाही, म्हणजे उरलेलं पाणी आणखी खारट. पाऊस पडला तर उलट, पाणी अळणी. प्राणी श्वास घेतात, घाण करतात, पाण्यातला प्राणवायू कमी होतो. सहा तासांत एवढी उलथापालथ! मग भरती येते आणि सगळं धुऊन, थंड करून, खारटपणा जिथल्या तिथे आणून जाते. दिवसातून दोनदा.

तुमच्या घरातल्या टाकीला भरती येत नाही. तिथे भरतीचं काम करायचं तुम्ही. खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणं म्हणजे एवढंच, पण ते रोज!

आणखी एक गोष्ट. डबक्यातल्या माशांना या उलथापालथीची सवय असते. निमो मात्र प्रवाळांमधला. तिथे पाणी वर्षभर जवळजवळ सारखंच असतं. त्याला असे चढउतार सोसत नाहीत. म्हणून "छोटी टाकी सोपी, मोठी अवघड" हा समज अगदी उलटा आहे. थोडं पाणी लवकर तापतं, लवकर घाण होतं. नवशिक्यानं निदान १०० लिटरची टाकी घ्यावी. अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी टाकी साधारण तेवढी भरते. काचेचा गोल बाऊल तर विसराच.

१०० लिटर समुद्राच्या पाण्याचं वजन १०० किलोहून थोडं जास्तच. काच, वाळू, दगड धरले तर दोन मोठ्या माणसांएवढं! तेव्हा टाकी अभ्यासाच्या टेबलावर ठेवायची नाही. मजबूत, सपाट स्टँड हवा आणि जागा अशी, की खिडकीतलं ऊन थेट पडणार नाही.

मीठ किती घालायचं?

डबक्यातल्या पाण्यात बोट बुडवून वास घ्या. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरच्या टाकीला साडेतीन किलो! मग आईच्या डब्यातलं मीठ घालून भागेल? नाही. समुद्राच्या क्षारांत सुमारे ८५ टक्के भाग आपल्या नेहमीच्या मिठाचा असतो. उरलेल्या भागात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असं बरंच काही असतं आणि समुद्री जिवांना तेही हवं असतं. म्हणून दुकानातून मत्स्यालयासाठीचं तयार समुद्री मीठ आणायचं.

मग कार्टर रोडवरूनच दोन कॅन भरून नेले तर? तेही नको. मुंबईच्या किनाऱ्याच्या पाण्यात गटारांचं पाणी मिसळतं. इथले जीव ते कसंबसं सोसतात, निमोला सोसणार नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून आरओ मशीनचं पाणी घ्यायचं. वेगळ्या बादलीत मीठ विरघळवायचं, दिवसभर पंपानं ढवळायचं आणि मगच टाकीत ओतायचं. खारटपणा जिभेनं मोजायचा नसतो! त्यासाठी हायड्रोमीटर मिळतो. त्यावर १.०२५ च्या आसपास आकडा यायला हवा.

आता एक कोडं. आठवडाभरात टाकीतलं १० लिटर पाणी उडून गेलं. ते भरून काढायला कुठलं पाणी ओताल, खारं की गोडं? बहुतेक जण म्हणतील खारं. चूक! उडालं ते फक्त पाणी. साडेतीन किलो मीठ टाकीतच आहे, पण आता ९० लिटरमध्ये. म्हणजे लिटरला जवळजवळ ३९ ग्रॅम. त्यात आणखी खारं पाणी ओतलं तर खारटपणा पहिल्या पातळीवर उतरणारच नाही, आठवड्यागणिक वाढत जाईल. म्हणून उडालेलं पाणी गोड्या पाण्यानंच भरायचं. टाकीवर पातळीची एक रेघ मारून ठेवा आणि रोज तिथपर्यंत भरा. दहा लिटर उडेपर्यंत थांबूच नका.

न दिसणारे सफाई कामगार

डबक्यातल्या एखाद्या दगडावर तुम्हाला शेवाळाचा पातळ थर दिसेल. त्या थरात आणि दगडाच्या बारीक भोकांत असंख्य जिवाणू राहतात. ते दिसत नाहीत, पण त्यांच्यावाचून डबकं चालणार नाही आणि तुमची टाकीही नाही.

मासा खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया म्हणजे माशाला विषच. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच कमी त्रासदायक आणि पाणी बदललं की निघून जातं. पण हे कामगार नव्या टाकीत पहिल्या दिवशी हजर नसतात. त्यांची वस्ती वाढायला चार ते सहा आठवडे लागतात.

आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. रविवारी टाकी आणली, संध्याकाळी पाणी भरलं, सोमवारी मासे सोडले आणि शनिवारी मासे मेले. "पाणी तर इतकं स्वच्छ दिसत होतं!" दिसणारच. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

तेव्हा असं करा. टाकीत मत्स्यालयाची वाळू आणि बारीक भोकांचे सिरॅमिकचे दगड मांडा. खारं पाणी भरा, पंप सुरू करा आणि रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका. ते कुजेल, अमोनिया होईल, जिवाणूंना जेवण मिळेल. तपासणी संच आणून दर तीन दिवसांनी पाणी तपासा आणि वहीत लिहा. आधी अमोनिया चढेल आणि उतरेल. मग नायट्राइट चढेल आणि उतरेल. दोन्ही शून्यावर आले आणि आठवडाभर तिथेच राहिले, की टाकी तयार. सहा आठवडे रिकामी टाकी बघत बसायला धीर लागतो. हा धीर आपल्याकडे आहे की नाही, हे या सहा आठवड्यांत घरच्यांनाही कळतं आणि आपल्यालाही.

लाट, वारा आणि ऊन

आता डबक्याच्या पुढे बघा, जिथे लाट खडकावर फुटते आहे. पांढरा फेस दिसतोय? तिथे हवा पाण्यात मिसळते. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू कमी विरघळतो, साधारण पाचव्या हिश्शानं कमी. आणि पाणी तापलं की आणखी कमी. म्हणून टाकीत लाट हवी. १०० लिटरच्या टाकीला तासाला निदान हजार लिटर पाणी फिरवणारा पंप लागतो. त्याचं तोंड असं वळवायचं, की पाण्याचा पृष्ठभाग सतत हलत राहील.

टाकीचं पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस असावं. आपल्याकडे मे महिन्यात घरातली हवाच ३३-३४ अंशांवर जाते! टाकीवर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी भराभर उडतं. उन्हाळा कडक असेल तर पाणी थंड ठेवणारा चिलर लागतो आणि तो महाग असतो. वीज गेली की पंप बंद, लाट बंद, प्राणवायू बंद. म्हणून सेलवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच.

टाकीचं सगळं विजेचं काम मोठ्यांनीच करायचं. खारं पाणी विजेला फार चांगली वाट देतं. टाकीत हात घालण्याआधी सगळी बटणं बंद. आणि हाताला साबण नको.

पाहुणे कोण आणायचे?

१०० लिटरमध्ये विदूषक माशांची एक जोडी. बास. हवं तर महिन्याभरानं आणखी एखादा छोटा मासा. सिनेमातली निळी डोरी? ती फूटभर वाढते, आपल्या टाकीत तिला वळताही येणार नाही.

मासे विकत घेताना दुकानदाराला विचारा, "काका, हे समुद्रातून पकडलेले की पैदास केलेले?" विदूषक माशांची पैदास टाकीत करता येते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं भारतात त्याचं तंत्र बसवलं आहे. असे मासे टाकीतच जन्मलेले असतात, तयार खाणं खातात आणि त्यांच्यासाठी कुणी प्रवाळांवर जाळं टाकलेलं नसतं. पिशवी आणल्यावर मासे एकदम सोडू नका. पिशवी टाकीत तरंगत ठेवा आणि तासाभरात टाकीचं पाणी थोडं थोडं पिशवीत घाला. डबक्यात भरती कशी हळूहळू शिरते, तसं.

एक गंमत सांगू? विदूषक मासे जन्मतात तेव्हा सगळे नर असतात. टोळीतला सगळ्यात मोठा मासा पुढे मादी होतो. ती गेली, की दुसऱ्या नंबरचा मासा मादी होतो!

समुद्रफूल पहिलं वर्षभर तरी आणू नका. त्याला भरपूर उजेड आणि अगदी स्थिर पाणी लागतं. निमो त्याच्याशिवायही मजेत राहतो. समुद्रघोडा आणि प्रवाळ मात्र कधीच नाही. आपल्या देशाच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ साली त्यांना सर्वोच्च संरक्षण मिळालं. वाघाला आहे तेच. मेलेल्या प्रवाळाचा शोभेचा तुकडाही टाकीत नको.

खडकावरून काही उचलायचं नाही

"मग दुकान कशाला? इथलाच एक खेकडा आणि एक समुद्रफूल डब्यात घालून नेऊ!" असं कुणाच्या तरी मनात आलंच असेल. त्यासाठी एक खरी गोष्ट ऐका.

१८४६ साली इंग्लंडमधल्या ॲना थिन या बाईंनी समुद्रावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. तेव्हा पंप नव्हते. म्हणून त्यांच्या घरची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायची, हवा मिसळावी म्हणून! पुढे फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकानं १८५४ मध्ये 'द अक्वेरियम' हे पुस्तक लिहिलं. ते इतकं गाजलं, की घरोघरी खाऱ्या पाण्याच्या टाक्या आल्या आणि माणसं बादल्या घेऊन किनाऱ्यावर धावली. काही वर्षांत तिथली सुंदर डबकी ओरबाडून रिकामी झाली. गॉसच्या मुलानं, एडमंडनं, १९०७ मध्ये आपल्या वडिलांविषयी पुस्तक लिहिलं. वडिलांनी ज्या डबक्यांवर जीव लावला ती त्यांच्याच पुस्तकांमुळे उजाड झाली, याचं दुःख त्यानं त्यात नोंदवलं आहे.

गॉसचा हेतू वाईट होता का? मुळीच नाही. प्रत्येकानं फक्त एकच समुद्रफूल नेलं असं धरू या. पण 'प्रत्येक' म्हणजे हजारो माणसं! मुंबईची वस्ती किती ते तुम्हीच सांगा.

म्हणून बघायचं, चित्र काढायचं, फोटो घ्यायचा आणि रिकाम्या हातानं परतायचं. दगड उचललाच तर हळूच जसा होता तसा ठेवायचा, कारण तो कुणाच्या तरी घराचं छप्पर आहे. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा गट मुंबईच्या किनाऱ्यांवर लोकांना घेऊन जाऊन हे सगळं दाखवत आला आहे. जाणकार बरोबर असला की दहापट जास्त दिसतं.

उलटंही करायचं नाही हं! टाकीतला मासा नकोसा झाला म्हणून समुद्रात सोडायचा नाही. आपल्याकडच्या समुद्रातला लायन फिश अमेरिकेत हौसेनं पाळला जायचा. तो तिथल्या समुद्रात सोडला गेला. १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळ तो पहिल्यांदा सापडला आणि आता तिथले छोटे मासे फस्त करतो आहे.

आईबाबांबरोबर बसून वाचा

टाकी आणायची की नाही, हे ठरवण्याआधी ही कामांची यादी घरात मोठ्यानं वाचा आणि प्रत्येक कामापुढे कुणाचं तरी नाव लिहा.

रोज: मासे मोजणं, तापमान बघणं, रेघेपर्यंत गोडं पाणी भरणं. दोनदा खाणं, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दिवा सात-आठ तास.

दर आठवड्याला: १० लिटर जुनं पाणी काढून तेवढंच नवं खारं पाणी घालणं. त्याला सुमारे ३५० ग्रॅम मीठ लागेल. काचेवरचं शेवाळ पुसणं. खारटपणा आणि नायट्रेट तपासणं.

दर महिन्याला: पंप उघडून धुणं, टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच. नळाखाली धुतला तर जिवाणू मरतील.

मे महिन्यात तुम्ही मामाच्या गावाला जाल, दिवाळीत आजीकडे. तेव्हा कोण? हाही प्रश्न लिहा. नीट सांभाळलेला विदूषक मासा दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. आज तुम्ही पाचवीत असाल तर तुम्ही कॉलेजात जाल तेव्हाही तो टाकीत असेल. सगळ्या कामांपुढे तुमचं आणि आणखी एका माणसाचं नाव आलं तर खुशाल तयारीला लागा. सगळीकडे आईचंच नाव आलं, तर टाकी आईची होईल आणि आईला ती हवी आहे का, हे आधी विचारा!

आणि यादी पुरी झाली नाही, तर? तर कार्टर रोडचं डबकं आहेच. एकच डबकं ठरवा. दर महिन्याच्या द्वितीयेला, पावसाळा सोडून, त्याच्याशी जा. वहीत तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, पाण्याचं तापमान आणि दिसलेले प्राणी लिहा. कुणाचं घर बदललं, कोण नवा आला, समुद्रफूल जागेवर आहे का, बघा. वर्षभरात अशा आठ-नऊ नोंदी झाल्या, की खाऱ्या पाण्याविषयी तुम्हाला पुष्कळ कळलेलं असेल. पुढे कधी टाकी आणलीत तर ती वही शेजारी ठेवा.

तोवर एक छोटा प्रयोग घरीच करा. दोन सारखे ग्लास घ्या. दोन्हींत निम्म्यापर्यंत मिठाचं पाणी भरा, पातळीला रेघ मारा आणि खिडकीत ठेवा. रोज एकात रेघेपर्यंत साधं पाणी घाला आणि दुसऱ्यात मिठाचं पाणी. पंधरा दिवसांनी दोन्ही ग्लासांच्या कडा आणि तळ बघा. दोन्हींत एकेक कच्चं अंडं हळूच सोडून बघा, कुठलं जास्त वर तरंगतं. काय झालं आणि का, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा.